इंजिनाला गारवा हवा की मालकाला?

दिवाळी जवळ आली की घरोघर खरेदीची यादी होते. मुलांचे कपडे, बायकांच्या साड्या, फराळाचे सामान, फटाके असे करीत करीत यादी खाली सरकते आणि अगदी तळाशी, सहसा कोणाच्या नजरेस पडू नये अशा बारीक अक्षरात, घरधन्याने आपल्या मोटारसायकलीसाठी काहीतरी लिहून ठेवलेले असते. यात वावगे काही नाही. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मोटारसायकल ही चैनीची वस्तू केव्हाच राहिलेली नाही. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यावयाचे, दूध डेअरीवर घालावयाचे, दुखणाईत माणसाला मंचरच्या दवाखान्यात पोहोचवावयाचे, पोराला घोडेगावच्या शाळेत सोडावयाचे, ही सारी कामे तिच्याच पाठीवर. पूर्वी दिवाळीत बैलांच्या गळ्यात नवे घुंगूर येत, तसे आता मोटारसायकलीला काहीतरी मिळते, एवढेच.

या यादीत अलीकडे एक नवी वस्तू डोकावू लागली आहे. तिचे नाव ऑइल कूलर. वहीच्या पानाएवढी एक चपटी जाळी, तिच्या दोन टोकांना दोन नळ्या, आणि त्या नळ्या इंजिनाला जोडलेल्या. इंजिनातले गरम तेल एका नळीने जाळीत येते, समोरच्या वाऱ्याने निवते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. कल्पना सरळ आहे, दिसावयासही जाळी रुबाबदार दिसते. किंमत मात्र काही हजारांत जाते. तेव्हा प्रश्न असा की, आपल्या गाडीला ती लावावी काय?

चटका नेमका कुठे?

महामार्गालगतच्या कोणत्याही गॅरेजसमोर घटकाभर उभे राहिले तर पुढील धर्तीचा संवाद कानावर पडेल.

"मेस्त्री, गाडी लय तापती. कूलर बसवून टाका एकदाचा."

"कुठं तापती, भाऊ?"

"घाटात. आन् चाकणात गर्दीत अडकलं की विचारूच नका. मांडीला चटका बसतो."

"मांडीला चटका बसतो, का ऑइल तापतं?"

"दोन्ही एकच की, मेस्त्री!"

"एक कसं? ताप अंगात हाय का उन्हात बसल्यामुळं अंग गरम झालंय, हे डाक्टर आधी बघतो का न्हाई?"

मेस्त्रीच्या या शेवटच्या प्रश्नात सारी गोम आहे. मांडीला लागणारा चटका बहुतेक वेळा सिलिंडरच्या माथ्याचा आणि सायलेन्सरच्या नळीचा असतो. ऑइल कूलर त्या भागाचा ताप थोडाफार कमी करील, नाही असे नाही. पण त्याचे खरे काम तेल निववण्याचे. तेल तापतच नसेल, तर हजारो रुपये खर्चूनही मांडीला बसणारा चटका जवळजवळ तेवढाच राहावयाचा.

चार आणे आणि बारा आणे

इंजिन तापते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. पेट्रोलचा एक रुपया जाळला तर त्यातले जेमतेम चार आणे चाकाला मिळतात. उरलेले बारा आणे नुसती उष्णता होऊन जातात. त्यांतला मोठा वाटा सायलेन्सरवाटे धुराबरोबर बाहेर पडतो. उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात मुरते आणि तिला बाहेर काढण्यासाठी सिलिंडरभोवती त्या पातळ पात्या ओतलेल्या असतात. जितक्या पात्या, तितकी वाऱ्याला मिळणारी जागा जास्त. म्हणून त्यांत चिखल बसू देऊ नये, असे जुने मेस्त्री सांगत आले आहेत.

परंतु पात्यांना जे जमत नाही, ते तेल करते. पिस्टनच्या पोटाशी, बेअरिंगच्या फटीत, जेथे वारा कधीच पोहोचणार नाही, तेथून ते उष्णता उचलून खाली आणते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तेच तेल गिअरच्या दात्यांना आणि क्लचच्या चकत्यांनाही न्हाऊ घालते. म्हणजे एकाच गड्याकडून नांगरणी, मळणी आणि राखण, तिन्ही कामे करून घेण्याचा हा प्रकार आहे.

या गड्यालाही एक प्रकृती आहे. सर्वसाधारणपणे ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत तेल सुखात असते. त्याच्या वर ते पातळ होत जाते आणि लवकर जुने होते. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: उष्णता १० अंशांनी वाढली की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ११० अंशांवर जे तेल पुष्कळ दिवस टिकेल, ते १३० अंशांवर चौपट वेगाने मरेल. सतत १३०च्या वर चालणाऱ्या इंजिनाला कूलर लावणे ही चैन नव्हे. ते औषध आहे.

येथे जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी एक सूचना. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांना हा प्रश्न लागूच होत नाही. त्यांचे इंजिनातले तेल पेट्रोलबरोबर आत जाते आणि जळून जाते. फिरून परत येणारे तेलच नाही, तर निववावयाचे काय?

कंपन्यांनी काय केले?

ही युक्ती काही कालची नाही. १९८५ साली जपानच्या सुझुकी कंपनीने जीएसएक्स-आर ७५० ही गाडी काढली, तेव्हा इंजिन निववण्याचा मोठा भार तेलावर टाकला होता. त्यामागची प्रेरणा दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांची होती. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाज कंपनीने २००७ साली २०० आणि २२० सीसीच्या पल्सर गाड्यांना ऑइल कूलर दिला. रॉयल एन्फील्डने २०१६ साली हिमालयन या ४११ सीसीच्या गाडीला आणि पुढे २०१८ साली ६५० सीसीच्या दोन गाड्यांना तो दिला.

आता मौज पाहा. त्याच रॉयल एन्फील्डची बुलेट आणि क्लासिक ३५०, जिच्या धडधडीने आपल्याकडची लग्नसराई गाजते, तिला मात्र बाहेरचा कूलर नाही. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया सुरू झाली, तेव्हाच्या बुलेटला तो नव्हता आणि आजच्या बुलेटलाही नाही. कंपनीला तो परवडत नाही असे थोडेच आहे! हिशेब सोपा आहे. ६५०च्या इंजिनातून सुमारे ४७ अश्वशक्ती निघते, ३५०मधून सुमारे २०. जितकी शक्ती अधिक काढावी, तितकी उष्णता अधिक. वीस घोड्यांच्या तबेल्याला जेवढा वारा लागतो, तेवढा पात्यांतून मिळतो, असे कंपनीच्या लोकांनी मोजून ठरवले आहे.

दुसरीही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कंपनी कूलर देते तेव्हा त्याला पुरेल असा तेलाचा पंप आणि तशा वाटा इंजिनातच करून देते. बाहेरून कूलर बसवणारा मनुष्य तीच जुनी वाट लांबवतो. जुन्या बुलेटच्या पंपाचा दाब मुळातच कमी. त्याच्या वाटेत लांब नळ्या आणि बारीक छिद्रांची जाळी घातली, तर तेल थंड होईल, पण वरच्या भागांपर्यंत पुरेसे पोहोचेल याचा भरवसा नाही. गार तेल कमी मिळण्यापेक्षा गरम तेल भरपूर मिळणे इंजिनाला केव्हाही बरे.

घाटाचा हिशेब

आपल्या भागात कूलरची बाजू मांडणारा मनुष्य हटकून घाटाचे नाव काढतो. माळशेज आहे, भीमाशंकरची चढण आहे, अवसरीचा घाट आहे. घाटात गाडी तापणार, हे लहान मुलालाही पटेल. पण आकडे काय म्हणतात?

माळशेजचे उदाहरण घेऊ. कल्याणकडून वर येताना सुमारे ६०० मीटर उंची चढावी लागते असे धरू. गाडी १९० किलो, दोन माणसे १४० किलो, सामान २० किलो; एकूण ३५० किलो. हे ओझे वीस मिनिटांत ६०० मीटर उचलावयास लागणारी शक्ती निघते अवघी सव्वादोन-अडीच अश्वशक्ती! ताशी चाळीसच्या वेगाने वारा कापण्यास आणि चाके फिरवण्यास आणखी दीड-पावणेदोन धरा. एकूण चार, फार तर साडेचार.

आता तीच गाडी, तीच माणसे, नारायणगावच्या पुढे सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने चालली आहेत. (कायदा दुचाकीला तेवढी मुभा देत नाही, तो भाग वेगळा.) चढ नाही, वळण नाही, परंतु समोरून वारा भिंतीसारखा उभा. ती भिंत फोडण्यास लागते सुमारे तेरा अश्वशक्ती, म्हणजे घाटाच्या तिप्पट. वेग वाढला की निववणारा वाराही वाढतो, हे खरे. पण तो तिप्पट काम करीत नाही, फार तर दुपटीच्या आसपास. म्हणून तेलाचा खरा वैरी घाट नव्हे. एप्रिल-मेच्या दुपारी, मागे माणूस आणि सामान घेऊन, सरळ रस्त्यावर मूठ पिळून तास-दोन तास केलेला प्रवास, हा तेलाचा खरा वैरी.

याच हिशेबातून एक फुकटचे औषधही निघते. तीच गाडी १००ऐवजी ८०ने चालवली, तर तेराऐवजी साडेसात अश्वशक्तीत काम भागते. उष्णता जवळजवळ निम्मी! पुण्याहून नारायणगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर. एवढ्या अंतरात यामुळे दहा मिनिटे उशीर झाला तर झाला. सर्वांत स्वस्त ऑइल कूलर आपल्या उजव्या मनगटात असतो, तो असा.

मग घाटात चटका का बसतो? खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, वारा कमी असतो आणि सायलेन्सरची धग पायाशीच साचते. त्यातून कित्येकजण अर्धा क्लच दाबून चढ चढतात. मग क्लचच्या चकत्या घासून तेलात आणखी उष्णता ओततात. वस्तीवर जाणाऱ्या कच्च्या, खड्या वाटेवर तर हे फारच होते. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर खालचा गिअर, पूर्ण सोडलेला क्लच आणि माथ्यावर पाच मिनिटांचा विसावा. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने मालाचे तांडे चढत, तेव्हाही माथ्यावर कातळात पाण्याची टाकी खोदलेलीच होती. चढून आलेल्या जनावराला दम घेऊ द्यावा, हे शहाणपण या डोंगरांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

चाकणची गंमत

घाट झाला, आता चाकण. पुण्याहून निघालेला मनुष्य येथे ट्रक आणि कंटेनर यांच्यामध्ये अडकून पडतो. गाडी सुरू, पण चाक हलत नाही. इंजिन उन्हात तापत राहते. येथे तरी कूलर उपयोगी पडेल ना?

दुर्दैवाने येथेच तो सर्वांत कमी उपयोगी पडतो. कूलरची जाळी वाऱ्यावर जगते. गाडी उभी, तर वारा नाही. वारा नाही, तर जाळी म्हणजे गरम तेलाची आणखी एक डबी. तिला विजेचा पंखा जोडला असेल तर गोष्ट निराळी, पण मोटारसायकलीवर तो क्वचितच बसवतात. म्हणून रांग हलत नसेल तर इंजिन बंद करावे. खर्च शून्य, पेट्रोलची बचत वर.

दुधाच्या गाडीचे दुखणे

ज्यांनी कूलरच्या वाटेला जाऊच नये, असाही एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे. तो म्हणजे पहाटे दूध घालणाऱ्यांचा.

चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की नव्वद किलोच्या घरात वजन जाते. त्यामुळे अशा गाडीला कूलर हवाच, असे पाहणाऱ्याला वाटते. पण ही गाडी जाते किती? वस्तीपासून डेअरीपर्यंत चार-पाच किलोमीटर, तेही पहाटेच्या गारठ्यात. जुन्नरची थंडी ज्यांनी पौष महिन्यात अंगावर घेतली आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. गाडी डेअरीवर पोहोचते तोवर तेल नुकते कोमट झालेले असते.

कोमट तेल ही चांगली गोष्ट नव्हे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा थोडा अंश पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि तेलात मिसळतो. न जळलेले पेट्रोलही थोडेसे येते. तेल चांगले तापले म्हणजे हे दोन्ही उडून जातात. तेल तापलेच नाही, तर पाणी तेलातच घुसळत राहते आणि तेल भरण्याचे झाकण उघडले की आतून सायीसारखा पांढरट थर दिसतो. दुधाच्या धंद्यात साय शुभ असेल. इंजिनात ती गंज आणि झीज यांची पहिली खूण आहे. अशा गाडीला कूलर लावणे म्हणजे हिवाने कुडकुडणाऱ्याला गार पाण्याने आंघोळ घालणे. या गाडीला हवा आहे तो आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटरचा मोकळा फेरा आणि वेळेच्या आधी बदललेले तेल.

आधी नाडी, मग औषध

तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी मोजमाप हवे. तेल भरण्याच्या झाकणाच्या जागी बसणारा उष्णतामापक मिळतो. कूलरच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ. आपल्या गाडीला बसेल तो आणावा आणि पंधरा दिवस एका वहीत आकडे टिपावेत: कोठे, किती वाजता, किती ओझ्याने, किती अंश. खेड ओलांडल्यावर अर्धा तास चालवून एकदा पाहावे, माळशेजच्या माथ्यावर एकदा, चाकणातून सुटल्यावर एकदा. आकडा ११०च्या आत राहिला तर कूलरचा विचार सोडून द्यावा. ११० ते १३०च्या मध्ये खेळू लागला तर पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात.

तेलाची पातळी बरोबर आहे ना? निम्म्या गड्यांकडून पूर्ण शेताचे काम होत नाही, तसे कमी तेल लवकर तापते. तेल कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे आहे ना? डब्यावर १५डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते, त्यात डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा उष्णतेतला दाटपणा. पात्यांत पश्चिम पट्ट्यातल्या भातखाचरांचा लाल चिखल वाळून बसलेला नाही ना? मागचा ब्रेक घासत नाही ना? चाक उचलून हाताने फिरवले की कळते. साखळी ताठ नाही ना? पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत नाही ना? तसे असेल तर इंजिन भट्टीसारखे तापते, आणि ते कूलरने बरे होत नाही. दुखणे झाकले मात्र जाते.

एवढे करूनही लांबच्या प्रवासात आकडा १३०च्या पुढे जाऊन तेथेच राहत असेल, तर मात्र कूलर अवश्य बसवावा. इंजिनाचे बोअर वाढवून जादा ताकद काढलेली गाडी, किंवा उन्हाळाभर ओझ्यासह शेकडो किलोमीटर धावणारी गाडी या वर्गात मोडण्याचा संभव अधिक.

बसवायचाच तर

कूलर बसवताना जाळीपेक्षा नळ्यांकडे अधिक लक्ष द्यावे. या नळ्यांतून दाबाखालचे उकळते तेल वाहते. साधी रबरी नळी क्लिपने आवळून बसवली आणि ती वळणावर सुटली, तर तेल कोठे जाते? मागच्या टायरवर. माळशेजच्या ओल्या वळणावर, मागे बायको आणि पुढे टाकीवर मूल बसलेले असताना मागच्या टायरला तेल लागणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा. तेल गळून गेले आणि ते वेळीच ध्यानात आले नाही, तर काही मिनिटांत इंजिन जाम होते, तो खर्च वेगळाच. म्हणून जाळीचे वेष्टण असलेल्या, टोके कारखान्यातच दाबून बसवलेल्या नळ्या घ्याव्यात. त्या सायलेन्सरला आणि हँडलच्या फिरण्याला लागणार नाहीत अशा न्याव्यात.

तेल तापेपर्यंत त्याला जाळीकडे जाऊ न देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, असलेलाच कूलर निवडावा; नाहीतर पौषातल्या पहाटे तेल कधी तापावयाचेच नाही. जाळी पुढच्या चाकाच्या चिखलापासून दूर, पण वाऱ्याच्या वाटेत असावी. बसवल्यावर जाळीत आणि नळ्यांत जितके तेल मावते तितके वाढवून पातळी पुन्हा पाहावी. पहिले काही दिवस रोज सकाळी गाडीखालची जमीन न्याहाळावी. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर अशा जोडकामानंतर कंपनी हात वर करू शकते, हेही आधीच विचारून घ्यावे.

यादीत काय लिहावे?

जुन्नर-आंबेगावच्या बहुतेक गाड्यांपुरते बोलावयाचे तर उत्तर "नको" असेच येईल. आपली हवा नागपूर-जळगावसारखी भाजणारी नाही, घाट दिसतात तेवढे तेलाला जड नाहीत, आणि रोजच्या फेऱ्या लहान आहेत. ज्या थोड्या गाड्यांना कूलरची खरोखर गरज आहे, त्यांच्या मालकांना वहीतला आकडाच ते सांगेल. शेजाऱ्याच्या गाडीवरची चकचकीत जाळी सांगणार नाही.

तेव्हा यादीच्या तळाशी "ऑइल कूलर" असे लिहिले असेल, तर त्यावर तूर्त एक रेघ ओढावी आणि त्याच्या जागी तीन वस्तू लिहाव्यात: योग्य दर्जाच्या तेलाचा डबा, नवे ऑइल फिल्टर आणि एक उष्णतामापक. एवढे घेऊनही कूलरच्या पैशांतून चांगली रक्कम उरते. तिचे काय करावे, हे यादीच्या वरच्या भागातील मंडळींना विचारावे. त्यांच्याजवळ उत्तर तयार असते.